वैशालीला दिलेला सल्ला

हे मी मिलिंदलासुद्धा सांगितलेलं नाही. मिलिंद म्हणजे माझा नवरा. बायकोच्या पोटात काही राहत नाही, असं तो चारचौघांत हसून सांगतो आणि मीही हसते. राहतं. एक गोष्ट राहिली आहे — आणि गेल्या महिन्यापासून ती मला जेवू देत नाही, धड बसू देत नाही. फोन वाजला की आधी नाव बघते. तिचं नसलं की बरं वाटतं. असं जगणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचं समजायला सोपं जाईल. नसेल तर देव तुमचं भलं करो.

आधी मी कोण, ते सांगते. मी सिंगापूरच्या संसदेत खासदार आहे. त्याआधी इथं वकिली केली. जन्म वारणाकाठच्या गावातला. आण्णा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आई चौथी शिकलेली. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेली पहिली मी. हे मी सांगते — सभेत सांगते, शाळांच्या बक्षीस समारंभात सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्याची मला लाज नाही, उलट गर्व आहे. पुढं एक वाक्य जोडते: 'कुणाच्या आधारानं नाही, स्वतःच्या पायावर.' हे वाक्य इंग्रजीत फार छान वाजतं. टाळ्या पडतात.

ते वाक्य खोटं आहे. पण ते लहान खोटं. मोठ्याकडे यायला मला थोडा वेळ लागेल — लागू द्या.

आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा बेडोक भागात एक फ्लॅट दोन जोडप्यांनी मिळून घेतला होता. एका खोलीत मी आणि मिलिंद, दुसऱ्या खोलीत शिरीष आणि वैशाली. दोघं पुरुष एकाच कंपनीत इंजिनिअर. वैशाली कराडची. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, परीक्षा राहिली ती राहिलीच. (वैशाली हे तिचं खरं नाव नाही. वाचेल तेव्हा ती स्वतःला ओळखेल, तेवढं पुरे.) इथं ती नवऱ्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीमुळं मिळालेल्या राहायच्या परवान्यावर, आणि मीही तशीच. फरक एवढाच की मला चैन पडेना. पुण्याची माझी वकिलीची पदवी इथं चालत नव्हती. म्हणजे पुन्हा विद्यापीठ, पुन्हा परीक्षा. आणि आमचा निखिल नुकता रांगायला लागलेला.

"जा गं तू, सुनू," वैशाली म्हणाली. "पोराला मी बघते. मला तरी काय, दिवसभर त्या चिनी मालिका बघायच्या. एक अक्षर कळत नाही, तरी रडू येतं मला."

मी गेले. पदवी होईपर्यंत रोज गेले. मी लायब्ररीत निकालपत्रं वाचत होते तेव्हा निखिल तिच्या कडेवर मऊ भात खात होता. संध्याकाळी मी घरी आले की तो माझ्याकडे यायचा, दोन मिनिटं माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळायचा आणि परत तिच्याकडे झेपावायचा. ती ओशाळायची. "अगं, भूक लागली असेल त्याला," म्हणायची. स्वतःच्या पायावर! कुणाच्या पायावर उभी होते मी?

पुढं सगळं झालं. वकील झाले, नोकरी लागली, नागरिकत्व घेतलं. दोन्ही घरं वेगळी झाली. वैशालीला सई झाली. आमच्या भागाचे तेव्हाचे खासदार दर आठवड्याला एका ब्लॉकखालच्या मोकळ्या मजल्यावर लोकांना भेटायचे — कुणाचं घराचं अडलंय, कुणाचा दंड, कुणाचा पास. मी तिथं लोकांचे अर्ज लिहून द्यायला जाऊ लागले. मन लावून करायचे. लोकांची रड ऐकून तिचं चार ओळींत नेमकं मागणं करायचं — हे मला जमायचं. कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं ते. आणि मग मला चहाचं बोलावणं आलं.

हा चहा समजावून सांगायला हवा. आपल्याकडं तिकिटासाठी बंगल्याबाहेर ताटकळावं लागतं. इथं उलटं. पक्षच माणसं हेरतो आणि चहाला बोलावतो. चहा म्हणजे चहाच — कप, बशी, बिस्किटं, आणि टेबलापलीकडं मोठी माणसं. एकदा होतो, मग आणखी वरच्यांसमोर होतो. कुठल्या फेरीत तुम्ही गळलात हे कुणी सांगत नाही, फक्त पुढचं बोलावणं येत नाही. प्रश्न साधे असतात. पण मला आधी जाऊन आलेल्या एकानं सांगून ठेवलं होतं की शेवटी एक प्रश्न येतोच — तुमच्याविषयी उद्या पेपरात येऊ शकेल असं काही आहे का? असेल तर आत्ताच बोला.

माझ्याविषयी काय असणार? मी धुतल्या तांदळासारखी. भीती एकच होती — मी बाहेरची. नागरिकत्व घेतलेलं, पण उच्चार गावचे. इंटरनेटवर लोक लिहायचे, हे काल आले आणि उद्या आमच्या डोक्यावर बसणार, येताना आपली भांडणंही घेऊन येतात. मी ते सगळं वाचायचे. वाचू नये हे कळत होतं, तरी वाचायचे.

पहिला चहा झाला. दुसऱ्याचं बोलावणं आलं. त्याच सुमारास एका रविवारी शिरीष, वैशाली आणि सई आमच्याकडं जेवायला आले.

मटणाचा बेत होता. मुलं आत खेळत होती. शिरीष आणि मिलिंद हॉलमध्ये मॅच बघत बसले होते. वैशाली माझ्याबरोबर स्वयंपाकघरात. त्याआधी हॉलमध्ये बोलता बोलता ती सहज म्हणून गेली होती, की शिरीषचा पीआरचा, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज पुन्हा नाकारला. मिलिंद म्हणाला, "अरे, बोलला नाहीस?" शिरीष हसला. एवढंच.

थोड्या वेळानं तो बर्फ घ्यायला आत आला. सरकता दरवाजा त्यानं मागं ओढून घेतला. हातातला ग्लास ओट्यावर ठेवला — नीट ठेवला, आवाज न करता — आणि वैशालीच्या डाव्या कानावर मारली. ती फ्रिजवर आदळली. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, "सॉरी हं, वहिनी. घरचं आहे." बर्फ घेतला आणि गेला.

वैशालीनं नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली. आणि मी? मी रस्सा ढवळत होते. खरंच सांगते — डाव थांबला नाही माझ्या हातातला. "मीठ बघतेस का जरा?" असं मी तिला विचारलं. तिनं बघितलं. "बरोबर आहे," म्हणाली.

हीच ती गोष्ट असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. ही असती तर मी आजवर स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं. माणूस गांगरतो, ऐन वेळी सुचत नाही — असं काहीबाही म्हणता आलं असतं. पुढं जे केलं ते गांगरून केलेलं नाही.

चार-पाच दिवसांनी वैशालीनं मला बेडोकच्या जुन्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बोलावलं. इथल्या रीतीप्रमाणं टिश्यूचं पाकीट ठेवून तिनं कोपऱ्यातलं टेबल धरलं होतं. सईला बालवाडीत सोडून आली होती. मी माझा ग्लास घेऊन बसले. तिनं खुर्ची फिरवली आणि उजवी बाजू माझ्याकडं केली.

"पडदा फाटलाय," ती म्हणाली. "डॉक्टरला मी सांगितलं, बाथरूममध्ये पडले. त्यानं अशा नजरेनं बघितलं ना माझ्याकडं..."

मी काहीतरी म्हणाले. काय, आठवत नाही.

"मला पोलिसात जायचंय, सुनू. ठरवलंय मी. पहिली वेळ नाहीये ही. पण आजवर कुणी पाहिलं नव्हतं गं. परवा तू पाहिलंस." तिनं माझा हात धरला. "तू सांगशील ना कोर्टात? जे पाहिलं तेवढंच. जास्तीचं काही नको."

आता इथं थांबते. कारण त्या घडीला माझ्या डोक्यात काय काय होतं ते मला चोख मांडायचंय.

मला कायदा माहीत होता. तोंडपाठ होता. अशा बाईला कोर्ट संरक्षणाचा आदेश देतं, गरज असेल तर तातडीनं देतं, आणि ती परदेशी आहे म्हणून तिला कुणी परत पाठवत नाही. नुसत्या तक्रारीनं पास जात नाही, हे मला माहीत होतं. पास नवऱ्याच्या नोकरीवर लटकलेला असतो आणि नवरा त्यात खोड्या करू शकतो, हे खरं — पण त्यालाही वाटा होत्या. दुसऱ्या बायकांसाठी मी त्याच वाटांनी जाऊन आले होते. बालवाडीतली मुलगी आईपासून अशी कुणी तोडत नाही, हेही माहीत होतं. सगळं माहीत होतं.

आणि दुसऱ्या बाजूला चहा. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी. पेपरात नाव — 'संभाव्य उमेदवाराच्या घरी मारहाण.' बघा, आलेच हे लोक आपली भांडणं घेऊन. आणि टेबलापलीकडून तो शेवटचा प्रश्न.

मी म्हणाले, "वैशाली, तक्रार नोंदवलीस की तुझा पास रद्द होतो. लगेच. सई बापाच्या पासवर आहे, म्हणजे ती त्याच्याकडं राहणार. तुला एकटीला मुंबईच्या विमानात बसवतील. इथला कायदाच तसा आहे."

"खरंच?"

"मी वकील आहे ना गं."

झालं. हीच ती गोष्ट.

तिचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू? मला वाटलं होतं रडेल, चिडेल. तिनं सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बाई तुला विचारलं," म्हणाली. "मी आज परस्पर जाणार होते. सई गेली असती माझी." आणि माझा हात आणखी घट्ट धरला. मी तो धरू दिला.

पुढच्या आठवड्यात चहा झाला. शेवटचा प्रश्न आला. मी म्हणाले, "काही नाही." आवाज जरासुद्धा हलला नाही. टेबलापलीकडचे एक गृहस्थ हसून म्हणाले की असं सरळ उत्तर ऐकलं की बरं वाटतं.

निवडणूक झाली, आम्ही जिंकलो. कामाला मी कमी नाही, हे मी छाती ठोकून सांगते. माझ्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा, टॅक्सीवाल्यांना विचारा. पण ब्लॉकखाली लोकांना भेटायला बसले आणि रांगेत एखादी आपल्याकडची बाई दिसली — उन्हात लांब बाह्यांचा कुर्ता घातलेली, हातात कागद नाही, नजर जमिनीवर — की मी समोरच्या अर्जात डोकं खुपसते. तिला काय विचारायचंय हे मला आधीच कळतं. खरं तेच सांगायला हवं ना? सांगायला हवंच. पण मराठी माणसांचं जग इथं केवढंसं! लिटिल इंडियात कोथिंबीर घेताना दोघी भेटल्या आणि एक म्हणाली, 'अगं, पास काही रद्द होत नाही, सुनंदाताईंनीच सांगितलं' — तर? म्हणून मी त्या बायकांना दुसऱ्या वकिलाकडं पाठवते. "ते तुम्हाला नीट समजावतील," म्हणते. समजावतातही. माझ्या तोंडून जात नाही, एवढंच मी बघते. आजवर प्रत्येक वेळी बघितलं आहे.

आणखी एक आहे. घरातल्या मारहाणीवर संसदेत चर्चा होती आणि मी बोलणार होते. माझ्या मदतनीस मुलीनं भाषणाच्या मसुद्यात एक वाक्य घातलं होतं — परदेशी पत्नीनं तक्रार केली म्हणून तिचा पास जात नाही, हे तिला कुणी सांगतच नाही. चांगलं वाक्य. सगळ्या भाषणात तेच एक कामाचं होतं. मी ते काढलं. "फार तांत्रिक वाटतंय," म्हणाले. कारण माझं प्रत्येक भाषण वैशाली फोनवर बघते. किती बायकांनी ते ऐकलं असतं? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमत नाही.

भाषणानंतर दुपारी तिचा फोन आलाच. "काय बोललीस गं! मी शिरीषला पण दाखवलं. बघ म्हटलं, आमची सुनू बायकांसाठी कशी भांडते." मी विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "काही नाही, चॅनेल बदल म्हणाला." आणि खळखळून हसली. मीसुद्धा हसले.

तिच्या घरी पुढं काय काय झालं, मी विचारत नाही. शिरीष आता मारत नाही म्हणे. कधी थांबला? थांबेपर्यंत किती वेळा? मी विचारत नाही. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. रस्त्यानं चालताना ती तुमच्या डाव्या हाताला येते, उजवा कान तुमच्याकडं ठेवून. लोकांना वाटतं तशी सवयच आहे. त्यांना पीआर मिळाली तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि मिलिंदसमोर म्हणाली, "भावजी, तुमच्या बायकोमुळं माझं घर राहिलं. नाहीतर मी मूर्खपणा करणार होते." मिलिंदनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी पेढा तोंडात घातला. म्हणजे बोलायला नको.

आता गेल्या महिन्याचं. इथवर येण्यासाठीच एवढं सगळं लिहिलं.

सई मोठी झाली. तिला कायद्याला प्रवेश मिळाला — इथंच, चांगल्या विद्यापीठात. मी फार खूश झाले होते, खोटं नाही. एका रविवारी ती मला भेटायला आली. मिलिंद बाहेर गेला होता. ती इथल्याच मुलांसारखी बोलते, अर्धं त्यांचं, अर्धं आपलं, शेवटी त्यांचंच 'लाह' नाहीतर 'लेह'. सोफ्यावर मांडी घालून बसली, चिवडा खात होती, आणि म्हणाली, "मावशी, एक विचारू, कॅन?"

"विचार की."

"मम्मी ऑलवेज सांगते, तू तिला वाचवलंस. मी स्मॉल होते तेव्हा. पास कॅन्सल झाला असता म्हणून." तिनं बोटं पुसली. "बट मी तो अ‍ॅक्ट वाचला, मावशी. तसं काही नाहीये लेह. कुठंच नाहीये."

मी चिवड्याची वाटी तिच्याकडं सरकवली. ती माझ्याकडं बघत होती — संशयानं नाही हो. एखादं गणित सुटत नाही म्हणून बाईंकडं यावं, तसं. आणि मला अडचणीत टाकलं असं वाटून असेल, तिनंच मला वाट करून दिली.

"तेव्हाचा कायदा वेगळा होता, इज इट? नंतर चेंज झाला?"

त्या हॉकर सेंटरमध्ये निदान भीती तरी होती. चहा होता, निवडणूक होती, पेपर होते. या वेळी काय होतं? खुर्ची मिळून किती काळ लोटला. समोर एक पोर, चिवड्याची वाटी, आणि घरात तिसरं कुणी नाही. खरं सांगायला याहून बरी वेळ कुठली यायची होती?

मी म्हणाले, "हो. नंतर बदलला."

"ओह." तिचा चेहरा उजळला. "ओके लाह. मला वाटलंच. तू राँग कसं सांगशील!"

जाताना तिनं मला मिठी मारली. अगदी वैशालीची उंची.

या देशात प्रत्येक कायदा, त्याची प्रत्येक दुरुस्ती, ती केव्हा झाली — सगळं कुणालाही फोनवर उघडून बघता येतं. सई हुशार आहे, बघणारच. कदाचित त्याच दिवशी घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बघितलं असेल. तेव्हापासून तिचा फोन नाही. वैशालीचाही नाही. वर्ग सुरू झाले असतील, धावपळ असेल — की त्या दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून...? मी रोज हे मनात उलटंपालटं करते. संसदेत बसले असताना करते, लोकांचे अर्ज ऐकताना करते. परवा एका आजोबांना मी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ते बिचारे मलाच विचारायला लागले, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे माझे मतदार वाचणार नाहीत. तोही भित्रेपणाच, कळतंय मला. पण वैशाली वाचेल. हा अंक तिच्याकडं येतो. तिचा वाचून झाला की माझ्याकडं येतो, पानांना फोडणीचे डाग पडलेले. सईला मराठी धड वाचता येत नाही. तिला तिची आई वाचून दाखवेल. दाखवावं.

वैशाली, तुझा पास गेला नसता. सई तुझ्याकडंच राहिली असती. मी तुला बघितलं होतं फ्रिजवर आदळताना, आणि कोर्टात मला तेवढंच सांगायचं होतं.

सई, कायदा नंतर बदलला नाही. मी सांगितलं तसा तो कधीच नव्हता.